दोन्ही हात वर

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. आख्यान सुरू करण्याआधी एक प्रश्न विचारतो. माणूस गप्प बसला, म्हणजे त्याने होकार दिला का?

बघा, तुम्हीही गप्पच!

या प्रश्नावर पुराणातला दाखला द्यावा म्हणून मी आठवडाभर पोथ्या चाळल्या. दाखले सापडले. पण मनाला वाटलं — बुवा, तुम्ही पोथीच्या आड लपताय! म्हणून आज डोळ्यांनी पाहिलेलंच सांगतो. चुकलो, तर तिथेच थांबवा मला.

ऐका! बोरखळी नावाचं गाव. गावाच्या वर एक माळ — गायरान, सगळ्यांच्या मालकीचं. माळाच्या उताराला धनगरवस्ती आणि वस्तीची एकच विहीर. त्या वस्तीत ठकूबाई राहते. वय सत्तरीच्या पुढे, पन्नास मेंढरं, आणि जीभ — काय सांगू! लोकर कातरायची कात्री बरी!

आता जवळच्या शहराला कचरा टाकायला जागा हवी होती. नकाशावर कुणी तरी बोट ठेवलं. कुठे? त्या माळावर! विहिरीच्या बरोबर डोक्यावर! वर कचरा कुजणार, खाली बायका घागरी भरणार. म्हणे विकास!

गावाला विचारलं का? विचारलं की! नोटीस लावली होती. ग्रामपंचायतीच्या आतल्या फळ्यावर. आणि पंचायतीला कुलूप! तीस दिवस नोटीस आत, गाव बाहेर. हरकत कुणी घ्यायची — पालींनी?

हसू नका मंडळी. इथून पुढे हसण्यासारखं नाही. इथून पुढे मी आहे.

त्याच महिन्यात बोरखळीच्या सरपंचांनी, दिगंबरतात्यांनी, मारुतीच्या देवळात कीर्तन ठेवलं. बोलावलं कुणाला? मला! मी हरखलो. मला कोण बोलावतं हो? माझा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे जात नाही. देवळात गाव लोटलं होतं. शेवटी गजराच्या वेळी तात्या कानाशी आले. म्हणाले, "बुवा, सगळ्यांना दोन्ही हात वर करायला सांगा. फोटो झकास येतो."

मी सांगितलं. सगळ्यांनी हात वर केले. फोटो झकास आला!

दीड महिन्याने तालुक्याच्या वाचनालयात मी नेहमीसारखा कपाटाआड वाचत बसलो होतो. त्या दिवशी तिथल्याच सभागृहात, कपाटांच्या पलीकडे, प्रांतसाहेबांनी सुनावणी ठेवली होती — कचरा डेपोची. बोरखळीची माणसं आली होती. साहेबांनी फाईल उघडली. "तुमच्या ग्रामसभेने ठराव एकमताने मंजूर केलाय. हा फोटो. सगळ्यांचे हात वर आहेत. मग आता तक्रार कसली?"

फोटो हातोहात फिरला. माणसं बघत होती आणि खाली मान घालत होती. चेहरे त्यांचेच! हात त्यांचेच! प्रत्येकाला वाटलं, सभा झाली असेल, आपणच विसरलो असू. आणि तात्यांच्या तोंडावर बोलायचं कुणी? सगळे गप्प.

कपाटाआडून मीही फोटो पाहिला. ओळखला. आणि मीही — मंडळी, लाज वाटते सांगायला — मी पुस्तकाचं पान उलटलं.

एवढ्यात आवाज आला, "आणा हिकडं त्यो फोटू!"

ठकूबाई! तिने शेजारच्याचा चष्मा ओढून स्वतःच्या नाकावर चढवला. "ही मीच की. सायब, एक इचारू? मत द्यायला हात किती लागत्यात?"

"एक, आजी."

"मग हितं समद्यांचं दोन-दोन का वो?"

तात्या चटकन म्हणाले, "साहेब, गावाचा उत्साहच तेवढा होता!"

"उत्साव?" म्हातारी कडाडली. "आन् डोळं का मिटल्यात रं दिगू? डोळं मिटून, दोनी हात वर करून आमी कचरा मागितला व्हय? ह्ये कीर्तन हाय सायब! ह्यो बगा, कडंला हात कापलाय. हातात चिपळ्या हायेत!"

खरंच! तात्यांनी फोटोतून मला कापलं होतं, पण मनगटापुढचा हात राहिला होता. साहेबांनी विचारलं, "हा हात कुणाचा?"

ठकूबाईने मान वळवली. थेट कपाटाकडे! तिला मघाशीच दिसलो होतो. "बोला की बुवा! देवळात तर लई बोलत हुता!"

मंडळी, चाळीस वर्षं कीर्तन करतोय, पण तेवढी पाच पावलं कधी चाललो नव्हतो. कपाटाआडून निघून साहेबांच्या टेबलापुढे उभा राहिलो. म्हणालो, "साहेब, हात माझा आहे. त्या दिवशी देवाचं नाव घेतलं. कचऱ्याचं कुणी घेतलं नाही."

साहेबांनी ठराव बाजूला ठेवला. पुन्हा ग्रामसभा घ्या म्हणाले — माळावर, विहिरीच्या काठावर, नकाशा उघडा ठेवून. प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. शहराचा कचरा कुठे तरी जायचाच आहे, आणि तिथेही माणसंच राहतात. पण आधी विचारा! ज्याच्या घागरीत ते पाणी येणार, त्याला विचारा! भक्तीचे हात चोरून त्यांचा होकार करता, तात्या? देवापुढचे हात चोरलेत तुम्ही! आणि मी? मी चोराला दिवा धरला!

आता तुमच्याकडे येतो. आज तुमच्या गावात शिरताना पंचायतीच्या खिडकीतून डोकावलो. ती सवयच लागली आहे आता. आत कपाटाच्या दारावर एक नोटीस आहे. तुमच्या बाजारतळाची. हरकतीची मुदत शुक्रवारपर्यंत. कुणी वाचली? ज्याने वाचली, त्याने एक हात वर करा.

एक?

एकही नाही!

माझ्याकडे रागाने बघू नका. मीही तुमच्यातलाच, पान उलटणारा. म्हणून उद्या सकाळी दहाला मी पंचायतीच्या दारात वही-पेन घेऊन उभा राहणार आहे. एकटा उभा राहिलो तर मला फार भीती वाटेल, एवढं लक्षात ठेवा.

चला, आता गजर. दोन्ही हात वर करा, मनापासून करा. पण मंडळी, आज डोळे मिटू नका. फोटो कोण काढतंय, ते बघा!