तीन वेळा बावतीस

हसू नका, पण त्या दिवशी ऑफिसात मी प्रोग्रामरच्या नोकरीची परीक्षा देत होतो. मी नववीतून शाळा सोडलेला, आणि बाहेर बाकावर माझ्याच जागेसाठी बीएस्सी झालेला मुलगा बसलेला. साहेबांना संगणकाच्या सी भाषेत अशी यादी हवी होती, जिच्यात आकडा, नाव, काहीही ठेवता येईल. म्हणून मी यादीत वस्तू ठेवतच नव्हतो. ती मेमरीतल्या ज्या डब्यात आहे, त्याचा फक्त पत्ता ठेवत होतो.

साहेबांनी स्वतः तीन नावं टाकली. सांतान, इनास, बावतीस. पडद्यावर आलं, बावतीस, बावतीस, बावतीस.

"काय रे, तिघांचा बाप्तिस्मा एकाच नावानं उरकलास?"

मी प्रोग्राम पुन्हा वरपासून वाचला. प्रत्येक नाव मी त्याच एका डब्यात टाकत होतो, आणि यादीत त्याचाच पत्ता तीनदा.

"साहेब, आमच्या वटार गावात अख्ख्या आळीची पत्रं एकाच दुकानाच्या पत्त्यावर येतात," मी कसंबसं म्हणालो.

"येतात ना! पण नवं पत्र आलं की दुकानदार जुनं फाडतो का?"

मी प्रत्येक नावाला वेगळा डबा दिला. या वेळी तिघेही आपापल्या नावानं आले. साहेब उठून दाराशी गेले आणि बाहेरच्या त्या बीएस्सी मुलाला म्हणाले, "चहा पिऊन जा, बाळा. जागा भरली."