लाकूड की लाकडासारखं?

…नाही, पण मला सांगा, माणसाला फळी निवडायला वर्ष लागलं, तर त्यात हसण्यासारखं काय आहे? वर्षच लागलं ना? की दीड? थांबा, बहुतेक चुकतोय मी. तुम्हाला सांगतो, हल्ली माझ्या आठवणीवर माझाच भरवसा राहिलेला नाही. नोएलिन, म्हणजे माझी बायको, म्हणते की आल्विन अर्ध्या गोष्टी मागाहून रचतो, आणि ती म्हणते म्हणजे तसं असेलही… पण भोक! भोक मी रचलेलं नाही. भोक सगळ्यांनी पाहिलंय!

म्हणजे काय झालं, आमचं घर ऑस्ट्रेलियातल्या इप्सविचमधलं, जुनं, लाकडी, खांबांवर उभं केलेलं. खाली मोकळी जागा, तिथे धुण्याचं यंत्र, आणि वर मागच्या दाराबाहेर फळ्यांचा ऐसपैस डेक. दर नाताळाला सगळं सासर त्या डेकवर जेवायचं. तर त्या नाताळाला माझा साडू कॉल दोन्ही हातांत पावलोव्हाचं, म्हणजे आमच्याकडच्या मलईच्या केकचं, ताट घेऊन बाहेर आला, सगळे म्हणाले "अहाहा!", आणि कॉल खाली गेला. पूर्ण नाही, अर्धा. वाळवीनं फळी आतून खाल्ली होती. वर कमरेपर्यंत कॉल, खाली धुण्याच्या यंत्रावर लोंबणारा एक पाय, आणि ताट? ताट जसंच्या तसं! मलईवरची एक स्ट्रॉबेरी हलली नाही! सगळ्यांनी आधी ताट वाचवलं, मग कॉलला.

झालं. मेहुणी ग्लेनिस तिथल्या तिथे जाहीर करून मोकळी, "आता यापुढे नाताळ माझ्याकडे. माझा डेक खऱ्या लाकडाचा आहे, आणि मी त्याला तेल लावते." ते 'लावते' माझ्याकडे बघून! आणि माझी सासू थेल्मा, नव्वदीची, चाकाच्या खुर्चीत कोलंबी सोलत म्हणाली, "मला आपला शेवटचा नाताळ नोएलिनकडेच करायचाय. ग्लेनिसकडे हॅम कोरडा असतो."

रात्री नोएलिन मला म्हणाली, "आल्विन, मी आयुष्यात तुझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही." (हे खरं आहे का? मला वाटतं, खरं आहे.) "आईचा पुढचा नाताळ आपल्या डेकवर झाला पाहिजे. नवा डेक करून घे. लाकूड घे, नाहीतर ते लाकडासारखं असतं ते घे, पण घे."

आता तुम्ही म्हणाल, सोपं आहे. सोपं? अहो, मी उभी हयात विद्यापीठात काय शिकवलं माहीत आहे? निर्णय कसा घ्यावा! माझा प्रबंधच त्यावर आहे! सगळी माहिती हाती नसताना शहाण्या माणसानं दोहोंतून एक कसं निवडावं… तो प्रबंध मी पुन्हा काढून वाचला. काहीही कळलं नाही.

मग गेलो लाकडाच्या वखारीत. तिथला माणूस असा सावकाश बोलणारा, जसा काही समाचाराला आलाय. "लाकूड जिवंत असतं, साहेब. श्वास घेतं."

म्हटलं, "मग?"

"मग दरवर्षी त्याला तेल पाजावं लागतं."

"नाही पाजलं तर?"

"करडं पडतं. तडे जातात. कुसळं निघतात. वाळवी…" आणि डोळे मिटून, "पण दिसतं काय सुंदर!"

तिथून गेलो दुसऱ्या दुकानात. तिथला पोरगा म्हणजे घोड्यांच्या शर्यतीचं समालोचन! "तेल नाही, रंग नाही, कुसळ नाही, वाळवी नाही, पंचवीस वर्षांची हमी!"

म्हटलं, "बाबा, मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे."

"मग उत्तमच! तुमच्या मागे फळी राहील!"

"पण हे आहे काय नक्की?"

"भुसा आणि जुनं प्लास्टिक, गरम करून दाबलेलं."

"म्हणजे लाकूड?"

"लाकडासारखं!"

आता सांगा! एकीकडे वाळवीचं जेवण, दुसरीकडे दाबलेल्या पिशव्या! मी दोन्हींचे नमुने घरी आणले, अंगणात मांडले, आणि कसोट्या सुरू केल्या. जुलै महिना, आमचा हिवाळा, सकाळी गवतावर दव, अंगात स्वेटर, पायात मेंढीच्या कातड्याचे लोकरीचे बूट. फळ्यांवर बीटचा रस ओतला. सॉसेजची चरबी ओतली. त्यावर कुत्रं चालवलं. कुत्र्यानं चरबी चाटली, दोन्हींवरची सारखीच, म्हणजे तिथूनही काही मार्गदर्शन नाही! एक आठवडा मला लाकूड पटायचं, पुढच्या आठवड्यात लाकडासारखं पटायचं, आणि नोएलिन टोस्टवर व्हेजिमाइट फासता फासता, वर न बघता, रोज तेच विचारायची, "काय मग? लाकूड की लाकडासारखं?"

शेवटी नोव्हेंबरात आमचा सुतार केव्ह आला. "प्रोफेसर, नाताळ आला की आम्ही सगळे हत्यारं टाकून समुद्रावर. आज सांगितलंत तर नाताळाआधी डेक, नाहीतर थेट फेब्रुवारीत."

मी हात जोडायचा बाकी होतो. म्हटलं, "केव्ह, तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस?"

"मी? मी घरी काँक्रीट टाकलंय."

असा माणूस! मग मी डोळे मिटले आणि म्हणालो, "लाकडासारखं. कोळशाच्या रंगाचं." का? तर त्यावर बीटचा डाग दिसत नाही! विज्ञान! संशोधन! नोएलिननं माझ्या गालाचा मुका घेतला हो. त्या क्षणी मला वाटलं, प्रबंध अगदीच वाया गेला नाही.

आणि उजाडला नाताळ. आभाळात ढग औषधालासुद्धा नाही. आमच्याकडची रीत, जिन्याखाली चपला काढायच्या आणि अनवाणी वर यायचं. पहिली वर आली ग्लेनिस, हातात सॅलड. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. आणि तिसऱ्याला ती किंचाळली, "तव्यावर उभं केलंयस का रे आम्हाला?" मागून कॉल, "आई गं! आई गं! आई गं!" आणि मागच्यांना थांबता येईना, कारण जिन्यात त्यांच्याही मागे लोक! सगळं सासर त्या डेकवर टणाटण उड्या मारतंय, कुत्रं चार पायांवर विव्हळतंय, आणि थेल्मा चाकाच्या खुर्चीत बसून विचारतेय, "गाणं नाही, काही नाही, तुम्ही नाचताय कशाला?" मी पाणी मारलं. वाफ आली! तुम्हाला सांगतो, सगळं तपासलं होतं मी, बीट, चरबी, नखं, कुत्रं… ऊन तेवढं तपासायचं राहिलं. जुलैत, लोकरीच्या बुटांत, कोणाला सुचणार? तुम्हाला सुचलं असतं? सुचलं असतं ना? मला तेच वाटतं.

मग टेबलं खाली नेली. धुण्याच्या यंत्राशेजारी नाताळ. थेल्माचे पाय कपडे भिजवायच्या टबात, टबात बर्फ, बर्फात बिअरच्या बाटल्या, आणि ज्याला बिअर हवी त्यानं म्हातारीच्या पायांपाशी वाकायचं. ती काय खूश! "या, या, आशीर्वाद घेऊन जा!" नोएलिन तोंड फिरवून यंत्राला टेकली होती. खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, ते मला अजूनही ठाऊक नाही. विचारायचा धीर झाला नाही.

मार्चमध्ये थेल्मा गेली. नाताळ ग्लेनिसकडे गेला. नोएलिन मला एका शब्दानं बोलली नाही, आणि हेच वाईट, ती बोलली असती तर मी वाद घातला असता! न बोलल्यामुळे मी माझ्याशीच घातला. वर्षानुवर्षं. अंघोळ करताना, कुत्र्याला फिरवताना, तेच, लाकूड घेतलं असतं तर? तर म्हातारी वर, उजेडात, आपल्या माणसांत बसली असती. लाकूड की लाकडासारखं? एवढंच तर निवडायचं होतं मला. एवढंच!

आणि मग परवाच्या, म्हणजे गेल्या की त्याच्या आधीच्या, नाही, गेल्याच नाताळाला, ग्लेनिसकडे. तिच्याकडे जेवण नेहमी आत असतं, एसी लावून, आणि काचेच्या दारापलीकडे तो डेक, मधासारखा चमकणारा. सगळे काचेतून बघतात आणि म्हणतात, "वा! खरं लाकूड!" भर दुपार, सगळ्यांच्या तोंडात हॅम. मी हळूच दार सरकवलं. मोजे काढले. आणि दोन्ही पाय खऱ्या लाकडावर ठेवले.

कसा आत आलो ते आठवत नाही. चेहरा मात्र मी हलू दिला नाही, ग्लेनिसला म्हणालोसुद्धा, "सुंदर आहे हं." नोएलिनशेजारी बसलो. तिनं खाली बघितलं, कोलंबीच्या ताटातला मूठभर बर्फ उचलला, आणि टेबलाखाली माझ्या पायांवर धरला.

मी तिच्या कानात म्हणालो, "नोएलिन, आज पक्कं कळलं. लाकूडही भाजतं. अगदी तेवढंच भाजतं!"

"हळू बोल," ती म्हणाली, "ग्लेनिसच्या कानावर गेलं, तर पुढचा नाताळ आपल्या गळ्यात मारेल."