कंडक्टरांचा कागद

पेंटर: ...तर मी म्हटलं, बाबा रे, उभ्या उभ्या सांगत नाही, बाईंना विचारून उद्या सांगतो. म्हणून आज वही नाही आणली. हा एवढा कागद आणलाय.

बाई: आधी बसा, काका. पंख्याखाली नको, त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसा. कोणाला म्हणालात हे?

पेंटर: कंडक्टरांच्या मुलाला. ते कंडक्टर, नाही का, मंगळवारी इस्पितळात माझ्या शेजारच्या खुर्चीत सलाइन लावून बसायचे. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, तरी नर्सबाई आल्या की पाय आत घ्यायचे. मधली वाट मोकळी हवी म्हणायचे.

बाई: बसायचे म्हणजे?

पेंटर: रविवारी गेले.

बाई: अरेरे.

पेंटर: काल मी पोचलो तर खुर्चीत दुसराच कोणी. मला वाटलं, बरे झाले, सुटले. नर्सबाईंना तसं म्हटलं पण. त्या सुईच नीट बसवत राहिल्या. मग झाडूवाल्या मावशींनी सांगितलं. सलाइन संपल्यावर तसाच त्यांच्या घरी गेलो. माझी मुलगी ऑफिसात होती, तिला यातलं काही माहीत नाही.

बाई: मुलगा बोटीवर असतो ना त्यांचा?

पेंटर: हो, इंजिनखान्यात. सोमवारी संध्याकाळी आला. सगळं उरकलं होतं तोवर. मी गेलो तेव्हा हाच कागद हातात घेऊन बसला होता. चार माणसं भोवती. मला म्हणाला, काका, शेवटच्या मंगळवारी तुम्ही शेजारी होतात. बाबांना हे माहीत होतं ना? मी म्हटलं, काय माहीत होतं? तर म्हणाला, यात सरळ लिहिलंय की.

बाई: आणा बघू कागद.

पेंटर: देतो. पण आधी मी कसा वाचला ते ऐका, म्हणजे चूक कुठे झाली ते तुम्हाला कळेल. कंडक्टरांना इंग्रजी बसच्या पाट्यांपुरतं. डॉक्टर दर वेळी म्हणायचे, घरचं कोणी घेऊन या. ते म्हणायचे, घरचा मीच आहे. शेवटी डॉक्टरांनी हा कागद हातात दिला. मी म्हटलं, फोटो काढून मुलाला पाठवा. तर म्हणाले, पोरगं तिकडे समुद्रात काळजी करत बसेल. तुम्ही इंग्रजीच्या क्लासला जाता ना, तुम्हीच वाचा.

बाई: आणि तुम्ही वाचलात.

पेंटर: वाचला म्हणजे काय, फडाफडा वाचला. चाळीस वर्षं इंग्रजी पाट्या रंगवल्या, अक्षरन् अक्षर हाताखालून गेलं, पण अर्थ कधी विचारला नाही. गिऱ्हाईक कागदावर लिहून द्यायचं, मी पत्र्यावर उतरवायचो. त्या इस्पितळाच्या कॅन्सर विभागाची पाटीसुद्धा माझीच. पिवळ्यावर काळं. रंगाचे दोन हात. पंधरा वर्षांत पापुद्रा सुटला नाही. आणि मागच्या मंगळवारी पहिल्यांदा वाचतोय आणि समजतंय. एकही नवा शब्द नव्हता बाई, सगळे माझ्या वहीतले. पेपर सोपा आला की पोराला होतो तसला आनंद झाला.

बाई: काय सांगितलंत त्यांना?

पेंटर: तुम्ही शिकवलंत तेच. मेटास्टॅटिक, म्हणजे पांगलेला. गर्दी पांगते तसा आजार पांगलाय, जोर ओसरलाय. प्रोग्नोसिस पुअर, म्हणजे आजाराला उतार पडेल, पण सावकाश. पॅलिएटिव्ह, म्हणजे ताकद यावी म्हणून दिलेलं औषध. कंडक्टरांनी मला तीनदा वाचायला लावलं. मग कँटीनमधून आमच्या अख्ख्या रांगेला चहा मागवला. तिथूनच मुलाला फोन. तू सुट्टी काढत होतास ना, काढू नकोस, सहा महिन्यांचं काँट्रॅक्ट पुरं करूनच ये, तोवर मी ठणठणीत.

बाई: त्याने सुट्टी काढली होती?

पेंटर: मंजूरही झाली होती. बापाने सांगितलं म्हणून रद्द केली. आता तो म्हणतो, बापाला माहीत होतं मरणार आहोत, तरी मला येऊ नको म्हणाला. म्हणजे मी शेवटी जवळ नको होतो त्यांना. हे तो माझ्याकडे बघून नाही म्हणाला, भिंतीकडे बघून म्हणाला. आता सांगा, कुठला शब्द चुकला माझा?

बाई: तुमचा एकही शब्द चुकला नाही.

पेंटर: असं कसं? कागद चांगला आणि माणूस पाच दिवसांत गेला?

बाई: होतं कधी कधी असं.

पेंटर: बाई, मी पाटी रंगवून खाली उतरलो की लोक म्हणायचे, छान आहे. एखादा म्हणायचा, छान आहे हो, आणि दुसरीकडे बघायचा. मग मला कळायचं, वेलांटी चुकलीय. तुम्ही आत्ता खिडकीकडे बघताय.

बाई: काका, तुम्ही पहिल्या दिवशी येऊन गेलात आणि तासाभरात तुमच्या मुलीचा फोन आला.

पेंटर: तिला मीच सांगितलं होतं क्लास लावतोय म्हणून. कशासाठी ते नव्हतं सांगितलं.

बाई: तिने ओळखलं. ती आणि डॉक्टर तुमच्यासमोर इंग्रजीत बोलतात, ते समजावं म्हणून. ती माझ्याच हाताखाली शिकलेली. तिसऱ्या बॅचची, पहिल्या बाकावरची. म्हणाली, मॅडम, बाबांना शब्द हवे असतील तर द्या. अर्थ मात्र मी देते ते द्या. मग यादी पाठवली. सत्तावीस शब्द, दोन रकाने.

पेंटर: टाइप केलेली असणार. अक्षर भयंकर आहे तिचं.

बाई: टाइप केलेली.

पेंटर: म्हणजे पांगलेला नाही.

बाई: पांगलेला हा शब्द तिचा नाही. तिने लिहिलं होतं, आटोक्यात. मला ते कोरडं वाटलं. गर्दीचं उदाहरण माझं.

पेंटर: छान होतं उदाहरण. कंडक्टरांना फार पटलं. गर्दीतलं आयुष्य त्यांचं.

बाई: काका, ऐकवत नाही मला.

पेंटर: मग सांगा. मेटास्टॅटिक?

बाई: पसरलेला. सगळीकडे.

पेंटर: पुअर?

बाई: वाईट. बरं होण्याची आशा नाही, असं.

पेंटर: पॅलिएटिव्ह?

बाई: बरं करायला नाही. दुखू नये, एवढ्यासाठी.

पेंटर: हं. आणि पुस्तकातला कॅन्सरवरचा धडा? चौदावा? तो पण तिच्याच यादीतला?

बाई: नाही, तो जसाच्या तसा शिकवला. ब्रेकथ्रू, रेमिशन, प्रॉमिसिंग रिझल्ट्स. ते सगळे आशेचेच शब्द, अर्थ बदलायची वेळच आली नाही.

पेंटर: मला वाटलंच. त्या धड्यात दोघे मित्र बागेत बसतात, वैद्यकशास्त्र किती पुढे गेलं ते एकमेकांना सांगतात आणि कॉफी प्यायला जातात. दोघांतल्या एकालाही झालेला नाही.

बाई: परीक्षेला तेवढंच येतं.

पेंटर: खोटं नसेल हो. गेलं असेल पुढे. आमच्या मंगळवारच्या रांगेत थांबलं नाही, एवढंच.

बाई: मी नाही म्हणायला हवं होतं तुमच्या मुलीला. म्हणणारही होते. पण फोनवर ती माझ्याशी इंग्रजीत बोलत होती, एकही चूक न करता, आणि रडत होती. मला आधी वाटलं, किती छान बोलायला लागली ही. हे असं आहे बघा माझं.

पेंटर: मलाही अधूनमधून शंका यायची. वजन उतरतंय आणि वहीत सगळं चांगलंच चाललंय. पण फळ्यावर लिहिलेलं खोटं असेल असं कोणाच्या मनात येतं? तरी मी स्वतः किती दुकानांवर शुद्ध म्हणून लिहून दिलंय.

बाई: काका...

पेंटर: थांबा. माझा कागद आठवतो तुम्हाला? पहिल्याच आठवड्यात दाखवला होता. डॉक्टरांच्या टेबलापलीकडून उलटा बघून घेतला आणि घरी जाऊन सुलटा उतरवला. काचेच्या दारावर आम्ही आतून उलटंच लिहितो, त्याची सवय.

बाई: आठवतो. इतकं सुंदर अक्षर त्या मजकुराला पहिल्यांदाच मिळालं असेल.

पेंटर: त्यात आठ ते दहा, आणि पुढे डब्ल्यू, के, एस. तुम्ही म्हणालात, तपासणीच्या मशीनचं नाव.

बाई: आठवडे.

पेंटर: आठवडे. त्याला झाले चार.

बाई: डॉक्टरांचे अंदाज चुकतात. खरंच चुकतात.

पेंटर: कंडक्टरांच्या कागदावर किती आहे? हा घ्या, वाचा.

बाई: तीन, आणि पुढे एम, ओ, एस. तीन महिने.

पेंटर: चुकतात खरे.

बाई: पाणी देऊ?

पेंटर: नको. शेवटची ओळ राहिली. माझ्या कागदातली. तुम्ही सांगितलंत, पेशंटने हलका आहार घ्यावा. मी महिनाभर मऊ भात खातोय.

बाई: तिथे लिहिलंय, नातेवाइकांना कल्पना दिली आहे. त्यांच्या विनंतीवरून पेशंटला सांगितलेलं नाही.

पेंटर: म्हणजे तेवढी एक ओळ आजपासून खोटी.

बाई: मी येते तुमच्याबरोबर त्या मुलाकडे. माझ्या तोंडाने सांगते, की हे मी केलं.

पेंटर: तुम्ही कशाला? तो तुम्हाला ओळखत नाही. परकी बाई दारात येऊन रडणार, मग त्यालाच तुमची समजूत काढावी लागणार. मी सांगेन, तुझ्या बापाला काही माहीत नव्हतं. मी कागद वाचला आणि चुकीचा वाचला. तो बरा होणार म्हणून खुशीत होता, तुला भेटायला पुष्कळ वेळ आहे असं समजून होता. येऊ नको म्हणाला ते तुझी नोकरी राहावी म्हणून.

बाई: तो तुम्हाला बोलेल. वाटेल ते बोलेल.

पेंटर: बोलू दे ना. बापाला बोलत बसण्यापेक्षा मला बोललेला बरा. मला काय, चार-सहा आठवडे ऐकायचंय.

बाई: असं नका बोलू.

पेंटर: मग कसं बोलू? त्याच्यासाठी शब्द आहे का यादीत?

बाई: नाही.

पेंटर: आणि एक. मुलीला सांगू नका मला कळलंय ते.

बाई: पुन्हा तेच, काका? आत्ता त्या बोटीवरच्या मुलाचं काय झालं ते तुम्हीच सांगितलंत. तुमच्या मुलीला पण पुढे तसंच वाटलं तर? बाबांशी एक शब्द खरा बोलता आला नाही, असं? सांगून टाका तिला. आजच सांगा. दोघं मिळून रडा, जे काय आहे ते.

पेंटर: सांगेन. आज नाही. एका दिवसात दोन पोरांना नाही सांगता येणार मला.

बाई: मग उद्या?

पेंटर: ती रोज सकाळी मला औषध देते आणि म्हणते, बाबा, कालच्यापेक्षा आज रंग बरा दिसतोय. रंगातलं मला कळतं हो, चाळीस वर्षं तेच केलं. पण ती कपबशी हातात घेऊन उभी असते आणि मी काय म्हणतो त्याची वाट बघते. मी हो म्हटलं की मग तिला ऑफिसला जाता येतं. नाही म्हणायला कुठला दिवस निवडू, तेवढं सांगा. राहू द्या आता. पाऊल वाजतंय तिचं जिन्यात. तोंड पुसा, बाई. ओढणीने नको, त्या डस्टरने तर मुळीच नको. हा घ्या माझा रुमाल.

(मुलगी आत येते. खांद्याला ऑफिसची बॅग, हातात औषधांची पिशवी.)

मुलगी: झाला का क्लास? लवकर सुटले मी आज. बाबा, तुम्ही वही नाही आणली?

पेंटर: विसरलो. आज काही झालंच नाही. बाईंचा घसा बसलाय, म्हटलं, राहू द्या आजचा दिवस. जाताना मला बस डेपोमागच्या त्या वसाहतीत जरा सोड. एकाकडे जायचंय. पाटीचं जुनं काम आहे, अर्ध्या तासाचं.

मुलगी: आत्ता? बरं, सोडते. मी खाली थांबते तोवर. मॅडम, काही गोळी-बिळी घेतलीत का?

बाई: घेते.

मुलगी: खरंच किती बसलाय हो आवाज. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, बरं वाटेल.