रोज दहा पानं

“आजोबा, पुस्तक वाचून तुम्ही कधी रडलात का?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून वाचनालयाच्या रांगेतल्या अनोळखी आजोबांना एका शाळकरी मुलीने बेधडक विचारलं. मागे दोघी खिदळल्या.

“डोळे गेले गं माझे. आमची ही वाचून दाखवायची, रोज दहा पानं.”

“हातातलं पुस्तक कसंय? परत करताय तर मी नेऊ?”

“ने की! झकास आहे. शेवट मात्र मला विचारू नकोस.”

“का हो?”

“चाळीस पानं राहिली आणि मंगळवारी ही गेली. लबाडीनं तिने शेवट आधीच वाचला होता. विचारलं की म्हणायची, धीर धरा, त्या दिवशी रुमाल घेऊन बसा.”

मागच्या दोघी जवळ सरकल्या.

“घरी दुसरं कुणी वाचणारं?”

“लेक परगावी असतो. फोनवर म्हणाला, शेवट थोडक्यात सांगू का? थोडक्यात काय करायचाय!”

घरी आल्या आल्या, पाठीवरचं दप्तरही न उतरवता, तिने जाहीर केलं, “आई, बाबा, उद्यापासून शाळा सुटली की मी वाचनालयात थांबणार. एका आजोबांना चाळीस पानं वाचून दाखवायचीत.”

“एका दिवसाचं तर काम,” बाबा म्हणाले.

“हो. पण मी रोज दोनच पानं वाचणार आहे.”