मूळची हत्यारं

नाही, मी उभाच बरा आहे, बसलं की उठताना कंबर बोलते, आणि चहा नको, कप धरता येत नाही, हे बघा हात, शर्टाची बटणंसुद्धा आज हिने लावून दिली, आणि एवढं सगळं असताना सकाळी सासऱ्यांचा फोन... मला वाटलं तब्येत विचारतील. तर म्हणतात, "जावईबापू, पट्ट्या पुसून ठेवल्यात ना?" आता तुम्हीच सांगा, माणूस जगला का मेला ते नाही, पट्ट्या!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा काय पट्ट्या पट्ट्या करतोय. आमच्या सासऱ्यांकडे एक गाडी होती. वयाने त्यांच्याहून मोठी. तिचं हूड बदललं, सीटा बदलल्या, हॉर्न बदलला, रंग तर इतक्यांदा दिला की आतून तिला स्वतःचा मूळ रंग आठवत नसेल. पण हत्यारं? मूळची! जाड कापडाची एक गुंडाळी, तिला कप्पे, कप्प्यात नट फिरवायचा पाना, जॅकचा दांडा, टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या, आणि सोबत एक हातपंप. घरातल्या कुठल्याही माणसापेक्षा त्या गुंडाळीला जास्त मान.

आणि मला, तुम्हाला सांगतो, लग्न झाल्यापासून ती गाडी एकदा चालवायची होती. फक्त एकदा. मला पुसायला दिली, ढकलायला दिली, पावसात तिच्यावर ताडपत्री धरायला दिली. चालवायला? "बघू." माझी मुलगी आठवीत गेली, यांचं आपलं बघू चाललंय! मग एक दिवस कळलं की गाडी संग्रहालयाला दिली, सोमवारी न्यायला येणार. आणि सासरे स्वतःहून म्हणाले, "रविवारी तळ्यापर्यंत जाऊ. जाताना मी, येताना तुम्ही." अहो, मी रात्रभर झोपलो नाही. पांघरुणात गिअर टाकत होतो, हिने उठून विचारलं, पायात गोळा आलाय का.

तर रविवारी निघालो. पुढे सासरे, बाजूला मी, मागे सासूबाई, त्या आपल्या खिडकीतून बघत शांत. तळ्यावर पोचलो, पाय मोकळे केले, सासऱ्यांनी किल्ली माझ्या हातात दिली, मी दारापाशी आलो, आणि मागून सासूबाई म्हणाल्या, "अहो, हे चाक बसलंय."

बसलंय म्हणजे? लोळलंय! डावीकडचं मागचं. म्हटलं हरकत नाही, स्टेपनी लावू. सासरे म्हणाले, "स्टेपनी शुक्रवारीच संग्रहालयात गेली. भिंतीवर लावणार आहेत." भिंतीवर! भिंतीला कधी पंक्चर होतं का हो?

बरं, दिवस कलायला लागलेला, आणि त्या गाडीचे दिवे म्हणजे समोरून माणूस आला तर त्याने काडी पेटवून आपल्याला बघायचं. अंधाराच्या आत घरी पोचायला हवं. आणि सोमवारी सकाळी गाडी जाणार. म्हणजे चालवायची तर आत्ता, नाहीतर गेली. मी फोन काढला, पंक्चरवाला शोधतो म्हटलं. सासऱ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी देवघरात चपला घालून शिरलोय. "आपल्याकडे हत्यारं आहेत," म्हणाले. "मूळची."

झालं. घडीची खुर्ची टाकून ते बसले, आणि मी पाना घेतला. नट हलेना. जोर लावला, हलेना. पान्यावर पाय दिला, मग दोन्ही पाय दिले, मग उड्या मारल्या, तळ्यावर फिरायला आलेली माणसं थांबून बघायला लागली. एकेक करत सगळ्या नटांवर नाचून झालं, एकही सुटला नाही. घामाने डोळे चुरचुरायला लागले तेव्हा सासरे हळूच म्हणाले, "डाव्या बाजूचे आटे उलटे असतात." म्हणजे? म्हणजे उजवीकडची चाकं सगळ्या जगासारखी सुटतात, आणि डावीकडची उलटी फिरवायची, जुन्या गाड्यांची तशी पद्धतच आहे म्हणे! मी अर्धा तास नट आवळत होतो! मी विचारलं, बाबा, मग आधी का नाही बोललात? म्हणाले, "मला वाटलं आधी घट्ट करून बघताय. सावध माणूस आहे, म्हटलं."

मी किल्ली खिशात चाचपली आणि पाना उलटा फिरवायला घेतला. काय करता? चालवायची होती ना.

इतक्यात, ऐका, इतक्यात एक पंक्चरवाला मोटरसायकलवरून आपणहून आला! मागे पेटी, पेटीत विजेचा पंप, सगळं. "काका, सरका, चहा संपायच्या आत करून देतो." मी त्याला मिठी मारणार, तेवढ्यात खुर्चीतून आवाज, "नको. आमच्याकडे हत्यारं आहेत." त्याने गुंडाळीत डोकावलं. म्हणाला, "आईशप्पथ, मूळची?" फोटो काढला. आणि गेला! मला मदत करायला आलेला माणूस पट्टीचा फोटो काढून गेला!

चाक निघालं, मग पट्ट्या. दोन पट्ट्या आत घालून टायर रिमवरून उचकटायचा, तिसरी धरायला हात नाही म्हणून ती गुडघ्याखाली. पट्टी सटकली ती थेट अंगठ्यावर. मी जे बोललो ते सासूबाईंनी ऐकलं नाही असं दाखवलं, भल्या बाई आहेत. ट्यूब बाहेर काढली, उरलीसुरली हवा दाबून बघितली, भोक सापडेना. "कान नका लावू, गाल लावा," सासरे म्हणाले, "गालाला हवा कळते." आणि खरंच कळते हो! भर तळ्याकाठी मी ट्यूबला गाल लावून फिरतोय. सापडलं, घासलं, ठिगळ लावलं, टायर परत बसवला, आणि पंप मारला तर पंपातूनच हवा जाते. आतलं चामडं वाळलेलं. सासूबाईंनी पर्समधून हाताला लावायचं क्रीम काढलं, सगळंच्या सगळं चामड्याला चोळलं, पंप लोण्यासारखा चालायला लागला. मारतोय, मारतोय... चाक फुगेना. बसवताना पट्टीने ट्यूब चिमटली होती. नवं भोक! सासरे म्हणाले, "शेवटचा भाग पट्टीने नाही, अंगठ्यांनी बसवायचा असतो." अंगठ्यांनी! त्यातला एक तर हा असा, वांग्याएवढा!

पुन्हा सगळं. पुन्हा गाल, पुन्हा ठिगळ, पुन्हा पंप. तळहातांना फोड आले, फुटले, पुन्हा त्याच जागी आले. सासूबाईंकडे क्रीम मागितलं. "ते पंपाला गेलं," म्हणाल्या.

पण चाक बसलं. माझ्या हातांनी बसलं, आणि खोटं कशाला बोलू, छाती फुगली. ऊन अजून शेंड्यांवर होतं. मी ऐटीत स्टिअरिंगमागे जाऊन बसलो. किल्ली फिरवली, इंजिन लागलं, सासरे बाजूला, आणि मी स्टिअरिंग धरलं... आणि धरवेना. ते स्टिअरिंग म्हणजे उभ्या गाडीत दोघांचं काम, आणि माझी बोटं मिटतच नव्हती. पुन्हा धरलं. सुटलं. मनगटांनी ढकलून पाहिलं. सासऱ्यांचेही हात आता सांजवेळी थरथरतात, म्हणून तर गाडी दिली. आम्ही दोघं पुढे बसून आपापल्या हातांकडे बघतोय. सांगतो तुम्हाला, मला रडू आलं.

तेव्हा मागचं दार उघडलं. सासूबाई पुढे आल्या, पदर खोचला, म्हणाल्या, "सरका."

आणि काय चालवली हो! वळणावर गिअर असा टाकला की आवाज नाही. मी तोंड उघडं टाकून बघत होतो. सासरे म्हणाले, "तिच्या वडिलांची गाडी. लग्नाआधीपासून चालवते."

"मग तुम्ही?"

"मला चालवू दिली तिने. मला माझ्या सासऱ्यांनी फक्त हत्यारं दिली होती."

असं म्हणून त्यांनी ती गुंडाळी माझ्या मांडीवर ठेवली. म्हटलं, बाबा, ही संग्रहालयाला द्यायला हवी ना? म्हणाले, "तिथे गाडी ठोकळ्यांवर ठेवणार. चाकं जमिनीला टेकायचीच नाहीत. हत्यारं तुमची." आणि माझ्या सुजलेल्या अंगठ्यावर हात ठेवून बसले, घर येईपर्यंत.

सोमवारी गाडी गेली. गुंडाळी आमच्या कपाटात. माझ्या गाडीला लावून पाहिली, पाना नटाला बसत नाही, दांडा जॅकला लागत नाही, पट्टी कशाला चालत नाही. रस्त्यावरच्या कुठल्याच गाडीला चालत नाही. पण सकाळी फोन येतो, "पट्ट्या पुसल्यात ना?" आणि मी पुसतो. फोड आलेल्या हातांनी, तेल लावून, एकेक. काय करणार? मुलगी आठवीत आहे. अजून काही वर्षांनी कोणीतरी बिचारा येईलच... त्याला द्यायला घरात गाडी नाही. पण हत्यारं? मूळची.