मोहिनीच्या आभारातून सुटलेलं नाव

मोहिनीनं आत्ता भाषणात डॉक्टरांचे आभार मानले. नवऱ्याचे, दीपकचे मानले. सासूबाईंचे मानले. दवाखान्यातून घरी आणणाऱ्या रिक्षावाल्याचेसुद्धा मानले, कारण त्यानं म्हणे गतिरोधकावर रिक्षा हळू घेतली! आणि त्या रिक्षात तिच्या पोटाला उशी धरून शेजारी कोण बसलं होतं? ते नाव काही हिच्या तोंडात आलं नाही. वर मंडळानं आभार मानायला मलाच उभं केलं. म्हणजे उरलेल्या जगाचे आभारही मीच मानायचे!

तर, आपल्या महिला मंडळाच्या अध्यक्षा सन्माननीय पुष्पाबाई, आजचे प्रमुख पाहुणे योगराज नाना, व्यासपीठावर शाल पांघरून बसलेली सत्कारमूर्ती म्हणजे माझी धाकटी जाऊ मोहिनी, आणि समोर बसून चहाच्या किटलीकडे बघणाऱ्या माझ्या सगळ्या मैत्रिणींनो. मी शेवंताबाई. शिकले चौथीपर्यंत, त्यामुळे बोलणं सरळच येतं. दीपकची बदली झाली म्हणून मोहिनी जळगाव सोडून धुळ्याला चालली. मंडळाचं काम तिनं छान केलं. ते चार जणींनी सांगून झालं, मी पुन्हा सांगत नाही.

काय म्हणालीस मोहिनी? माईकमध्ये बोल. "अक्का, घरच्यांचे आभार मानायचे नसतात." अस्सं? मग सासूबाई काय शेजारच्या आहेत?

हसू नका गं. मला राग आलाय.

पोट आवळून घ्यायचं ऑपरेशन केलं हे तिनं आत्ता स्वतःच सांगितलं. लपवलं नाही, त्याची शाबासकी देते. नाहीतर आपल्यात बायका योगासनांचं नाव पुढे करतात. दोन सिझर झाल्यावर तिची कातडी लोंबत होती, ती काढली, आतून सैल झालेलं पोट शिवून घट्ट केलं. नाना, तुम्ही खाली बघितलं तरी चालेल, बायकांच्या पोटाचा विषय आहे.

मला तिचा हेवा वाटतो का? वाटतो. कशाला खोटं बोलू? जामनेरला भाच्याच्या हळदीत एका बाईनं मला विचारलं, "ही तुमची सून का हो?" सून! आमच्यात अंतर किती, नऊ वर्षं! मी त्या बाईला वरण-बट्टी वाढली, पण वरचं तूप वाढलं नाही.

आता दिवाळीनंतर माझंही तेच ऑपरेशन ठरलंय. पोटाच्या घडीत उन्हाळाभर घामानं चट्टे उठतात, लुगड्याची गाठ टोचते, आणि हो, मला पण बरं दिसायचंय. पण ते ऑपरेशन मोहिनीपाशी अडलंय. कसं, ते सांगते. किटली थांबवा जरा.

आधी डॉक्टर कसा शोधला ते ऐका, उद्या तुमच्याही उपयोगाला येईल. मोहिनीनं मोबाईलवर जाहिरात बघितली होती, दुपारी ऑपरेशन, संध्याकाळी हसत घरी. मोठ्या शहरातलं ठिकाण. मला सोबत घेऊन गेली. आत कारंजं, बाहेर कारंजं. एका पोरीनं फोटो दाखवले. सगळी पोटं गोरी, सगळी सारखी. मी विचारलं, "बाई, कापून शिवलं तर रेघ कुठं आहे?" ती म्हणे, "आमच्याकडे रेघ राहत नाही." मी म्हटलं, "रात्री रक्त आलं तर कोण येणार?" ती म्हणे, "कॉल सेंटरला फोन करा." मी मोहिनीचा हात धरला आणि उठले.

मग आपल्या जळगावचे डॉक्टर मिळाले. प्लास्टिक सर्जरीच शिकलेले, भूल देणारे डॉक्टर वेगळे, खोली साधी. त्यांनी टाक्यांच्या रेघा दाखवल्या, एक वाईट जुळलेलीसुद्धा दाखवली. म्हणाले, "रेघ राहणारच, चड्डीच्या खाली लपवता येते एवढंच." तिथे मला भरवसा आला. वाईट दाखवायला जो घाबरत नाही त्याच्या हातात पोट द्यावं.

आणि घरी आणल्यावर काय? सरळ उभं राहता येत नाही, माणूस म्हाताऱ्यासारखं वाकून चालतं. पोटातून नळी, नळीला बाटली, त्यात लालसर पाणी जमतं. ती बाटली बघून दीपक उंबऱ्यातच खाली बसला. ती रिकामी कुणी केली? अंगात घट्ट कपडा घालायचा, तो चढवायला दोन माणसं लागतात. दुसरं माणूस कोण? चार-पाच दिवसांनी ही रडायला लागली. "अक्का, कशाला केलं गं मी हे, सूज तर आधीपेक्षा जास्त दिसते." मी म्हटलं, "गप पड, उतरेल." उतरली.

आणि सासूबाई. त्या समोरच बसल्यात, त्यांनाही ऐकू दे. डॉक्टरांनी घरी सोडताना सगळ्यांसमोर सांगितलं होतं, शेक द्यायचा नाही, गरम पाण्याची पिशवी नाही. मी भाजी घेऊन आले तर बाजेखाली शेगडी, निखारे लाल! सासूबाई साक्रीकडच्या, म्हणतात कशा, "पोटले टाका पडेल शेतस ना? मंग बायतीनच ती!" मी म्हटलं, "ती बाळंतीण नाही, आणि डॉक्टर नको म्हणाले होते." तर म्हणे, "तो पिशवी नको म्हने. शेगडीनं नाव लिधं का त्यानी?"

आणि ही बाजेवरून सांगते, "आई, मला काहीच जाणवत नाही, अजून टाका." जाणवणार कसं? शिवलेल्या कातडीला तेव्हा जाण नसते. कुशीवर पडलेली, खालून टाक्यांजवळची कंबर लाल झालेली. मी शेगडी फडक्यानं धरून ओट्यावर नेली, डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी स्वतः उचलला. म्हणाले, "अजून थोडा वेळ गेला असता तर भाजून कातडी गेली असती." सासूबाईंनी आठवडाभर माझ्या हातचा चहा घेतला नाही. आणि आज आभार कुणाचे? "आईंनी मायेनं शेकलं!"

तिची कंबर बघून मी जळते ते जळतेच. पण दुसऱ्या एका गोष्टीवर जास्त जळले. तिनं मान वळवली की मी पाण्याचा पेला पुढे करत होते. माझी तीन बाळंतपणं झाली, तिन्हींत मीच उठून माठातलं पाणी घेतलं. मला असं कुणी केलं नाही.

मी त्याच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, "तंबाखू खाता?" म्हटलं, "छे!" "मिसरी?" म्हटलं, "ती तर दाताला लावते." त्यांनी चष्माच काढला. म्हणे, "बाई, मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. टाके जुळणार नाहीत, कातडी काळी पडेल. आधी सोडा, मग या." लहानपणापासूनची मिसरी सोडली मी. डोकं दुखायचं, नवऱ्यावर भांडी आपटली, पण सोडली. मग गेले तर म्हणतात, "आता शेवटचं. घरी तुमच्याजवळ राहणारं माणूस कोण? त्याला घेऊन या, त्याला मी समजावतो. त्याशिवाय हात लावणार नाही."

पोरं पुण्याला. नवरा रक्त बघून दीपकच्या शेजारी बसेल. सासूबाई शेगडी काढतील. आणि मोहिनी, तू धुळ्याला चाललीस. तिथल्या बायकांना आयती मिळालीस.

असो. अध्यक्षा पुष्पाबाईंचे आभार, नानांचे आभार, हॉल देणाऱ्यांचे, खुर्च्या लावणाऱ्यांचे, चहावाल्याचे आभार. सासूबाई, तुमचेही. बोलण्यात कुणाला टोचलं असेल तर चौथी शिकलेली बाई म्हणून पोटात घाला.

मोहिनी, तुझं सामान बुधवारी जातं. शुक्रवारी मला डॉक्टरांना माणूस दाखवायचंय, त्यासाठी धुळ्याहून एक दिवस यावं लागेल. दिवाळीनंतर तू माझ्याजवळ येऊन राहणार का? "बघते" चालणार नाही, "दीपकला विचारते" पण चालणार नाही. गुरुवारी दिवे लागायच्या आत फोन कर. हो किंवा नाही, एवढंच सांग.