गप्प बसायचा हक्क

...नाय, मी म्हणतो, हक्क द्यायचाच तर बोलायचा द्या, गप्प बसायचा हक्क हा काय हक्क झाला? तुम्हाला सांगतो, मी अप्पाराव, लासूर स्टेशनला आडतीवर अख्खी हयात कांद्याचा लिलाव पुकारला, मी सुरू झालो की इंजिनाची शिट्टी ऐकू यायची नाय, आणि त्या माणसाला पोटची पोरगी अमेरिकेतून व्हिडिओवर सांगती, "अप्पा, इथं पोलीस दारात आले तर तुम्हाला गप्प बसायचा हक्क हाये." मी म्हणलं, बाई, हक्क हाये का शिक्षा?

आता ती तरी काय करती? तनुजा पोटुशी, आम्ही दोघं बाळंतपणाला जायची तयारी करायलो, आणि मधीच जावयाची, विश्वजीतरावांची, नोकरी गेली. दुसरी मिळाली, पण तिथं राहायचे कागद लटकले ते लटकलेच, आणि त्यांच्या गल्लीत कागद नसलेल्यांना धरायला पोलीस दारं वाजवत फिरायलेत. पोरगी लई घाबरली. मग तिनं वकिलाला विचारून आमची शिकवणी लावली. दार उघडायचं नाय, जजची सही असलेलं वॉरंट असंल तर दाराखालून सरकवा म्हणायचं, वकील येईस्तोवर काय सांगायचं नाय, कशावर सही करायची नाय. बरं, खोटंबी बोलायचं नाय! "बाहेरून आलेल्या माणसालाबी हे हक्क असतात, अप्पा. पण तुम्ही बोलत सुटलात की गेले."

हे ऐकून आमची मंडळी, रत्नमाला, मोबाइलमधी तोंड घालून म्हणती, "हक्क हाये ना? मग भ्यायचं कशाला? बाबासाहेबांनी हक्क काय कपाटात ठेवायला दिले व्हते का?" झालं. त्या दिवसापासून घराचं पोलीस ठाणं झालं. मला भर उन्हात बाहेर काढायची, मी पोलीस, मी दार वाजवायचं, आणि आतनं ही, "वॉरंट दाखवा." अगं, घसा सुकला, पाणी तरी दे... "जे काय बोलायचं ते वकिलासंगं बोला." शेजारचे काकासाहेब गॅलरीतनं विचारतात, "काय अप्पाराव, वहिनींनी घराबाहेर काढलं का?" आता ह्यांना काय सांगणार? गप्प बसायचा हक्क!

मग उलटं केलं, ती बाहेर, मी आत. तिनं टकटक केलं, आणि मी, सवय हो, दारात आलेल्याला आपल्यात कुणी उभं ठेवतं का, सरळ कडी काढली, "या या, उन्हाचं आलात, बसा, गाव कोणतं तुमचं?" तिनं कपाळावर हात मारून घेतला. औरंगपुऱ्यात व्हिसासाठी फोटो काढायला गेलो तर तो फोटोवालाबी, "चाचा, मुंह बंद रखो, फोटो हिल रहा." सारी दुनिया एका माझ्याच तोंडामागं लागलेली.

आणि परवा दार वाजलं. खरा पोलीस! पासपोर्टच्या चौकशीला आलेला, आमच्या दोघांच्या. मी कडीला हात घातला, तर हिनं मनगट धरलं. "थांबा. सरावाला खरा पोलीस परत कधी मिळणार?" आणि आतनंच आवाज दिला, "कोण? ओळखपत्र खालून सरकवा." मी म्हणलं, अगं बये, त्यानं 'घरी आढळले नाहीत' म्हणून लिहिलं तर पासपोर्ट अडकंल, व्हिसा अडकंल, बाळ काय आपल्यासाठी थांबणार हाये? ती जागची हलली नाय. आणि तो बिचारा, तुम्हाला सांगतो, खाली वाकला, ओळखपत्र सरकवलं. ती चष्मा लावून वाचत बसली.

आता तोवर त्याला ताटकळत ठेवायचं का? मी खिडकी उघडली. "साहेब, राग मानू नका." तो म्हणला, "नाय काका, नाव सांगा तुमचं." नाव सांगितलं. मग म्हणलं, तुम्ही कुठले? तर पैठणचा निघाला! पैठणला आमचे पाव्हणे, मग पाव्हण्यांवरून पोरीवर आलो, पोरीवरून जावयावर, त्यांची नोकरी कशी गेली, कागद कुठं अडकले, गल्लीत पोलीस कसे फिरायलेत, घर कोणत्या रस्त्याला... तो पेन धरून नुसता बघतोय. म्हणला, "काका, मी फक्त नाव विचारलं व्हतं."

मागं वळून बघितलं तर रत्नमाला. चिडली नव्हती हो, चिडली असती तर बरं झालं असतं. डोळ्यात पाणी व्हतं तिच्या. तिनं दार उघडलं, त्याला बसवलं, पाणी दिलं, चहा ठेवला. तो म्हणला, "दोघंबी जाणार ना?"

"नाय," ती म्हणली. "ह्यांच्या मनात काय पाप नाय, साहेब. पण हे तिथं असंच बोलले तर माझ्या पोरीचा संसार रस्त्यावर येईल. कागद दोघांचे तपासा, जाणार मी एकटीच."

मी तोंड उघडलं... आणि मिटलं. त्याचा चहा संपला, सह्या झाल्या, तो जिना उतरून गेला, ही कपबशी घेऊन आत गेली, तरी एक शब्द नाय. तुम्हाला सांगतो, असा गप्प बसलो, असा गप्प बसलो की अमेरिकेचा पोलीस हात जोडून परत गेला असता... पण बघायला तिथं व्हतं कोण?